१२ डिसेंबरला गच्चीवर शहाण्यासारखा वागलेला गो-टू माउंट ३ जानेवारीला पार वेडा झाला, उघडू का?

नवखा_निरीक्षक – ५ जानेवारी २०२५

नमस्कार मंडळी, इतके दिवस नुसता वाचत होतो, आता गळ्याशी आलं म्हणून लिहितोय, जरा लांबेल, सांभाळून घ्या.

दिवाळीत एक सेकंडहँड गो-टू इक्वेटोरियल माउंट घेतला, म्हणजे दुर्बिणीचा मोटरवाला स्टँड, ताऱ्याचं नाव दिलं की आपोआप तिकडे वळतो आणि ताऱ्यांबरोबर फिरत राहतो. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही कारण चूक त्याची आहे की माझी हेच अजून कळत नाहीये. वर ८० एमएम एफ/६ रिफ्रॅक्टर (भिंगाची दुर्बीण), म्हणजे फोकल लेंथ ४८०, मागे २४ मेगापिक्सेलचा डीएसएलआर. गाइडिंग (दुसऱ्या छोट्या कॅमेऱ्याने तारा पकडून माउंट सावरत राहणं) वगैरे काही नाही अजून, तेवढे पैसेच उरले नाहीत.

१२ डिसेंबरला कोथरूडला गच्चीवर पहिल्यांदा लावला. चंद्र चांगला मोठा होता त्यामुळे फोटोचा प्रश्नच नव्हता, नुसतं माल चालतो का बघायचं होतं. आणि काय चालला! ध्रुव दोन बिल्डिंगच्या फटीतून दिसत होता, हँडसेटने (माउंटच्या रिमोटने) सांगितलं तिथे आणला, दोन ताऱ्यांवर अलाइनमेंट, मग गुरू म्हटलं की गुरू, कृत्तिका म्हटलं की कृत्तिका. शेजारच्या काकांना पण वर बोलावून गुरूचे चंद्र दाखवले, काका म्हणाले आता गाडी विकून हेच घे.

मग ३ जानेवारीला, शुक्रवारी, वेल्ह्याकडे ओळखीच्या एका शेतावर गेलो. उत्तर मोकळी, चंद्रकोर नवाच्या पुढे मावळणार, थंडी मस्त. साडेआठला पोलर अलाइनमेंट केलं, म्हणजे माउंटचा अक्ष ध्रुवबिंदूकडे लावला, हँडसेट म्हणाला पोलरस्कोपमधल्या (अक्षातून ध्रुवाकडे बघायच्या छोट्या दुर्बिणीतल्या) घड्याळात ध्रुव सव्वाचारच्या जागी ठेव, मी तंतोतंत ठेवला. साडेनऊला स्टार अलाइनमेंट लावलं तर पहिलाच तारा दिला रेग्युलस. दुर्बीण पूर्वेला चांगली पन्नास अंश वर तोंड करून थांबली आणि फाइंडरमध्ये (नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीत) काहीच नाही. रद्द केलं. मग मीच व्याध निवडला. व्याध समोर आग्नेयेला लखलखतोय आणि दुर्बीण निघाली ती दक्षिण ओलांडून थोडी पश्चिमेला जाऊन उभी. दोनदा बंद-चालू केलं, दोन्ही वेळा तेच. शेवटी नाद सोडला, क्लच सैल करून हाताने एम ४२ वर (मृगातल्या तेजोमेघावर) आणली, ट्रॅकिंग चालू होतंच, म्हटलं निदान फोटो तरी काढू.

तर फोटोत ट्रेल, तारे ठिपक्याऐवजी रेघा. अकराच्या सुमारास २ मिनिटांचे काढले त्यात प्रत्येक तारा १०-११ पिक्सेल लांब, ३० सेकंदांचे काढले त्यात पण अडीच-तीन. सगळ्या फ्रेममध्ये एकाच दिशेला. बॅलन्स दोनदा केला, क्लच आवळले, कॅमेऱ्याची वायर कुठे अडकतेय का बघितलं, काही फरक नाही. दोन वाजता कंटाळून गाडीत झोपलो.

ज्याच्याकडून घेतला तो आता फोन उचलत नाही. एक मित्र म्हणतो फर्मवेअर बदल, दुसरा म्हणतो वर्म गियर गेलाय, उघडून ग्रीस बदलावं लागेल. यूट्यूबवर उघडायचा व्हिडिओ बघून झालाय, ॲलन की टेबलावर काढून ठेवल्यात. उघडू का?

---

कोकणी_दव – ५ जानेवारी २०२५

पहिलं म्हणजे ॲलन की ड्रॉवरमध्ये ठेव आणि ड्रॉवरला कुलूप लाव. माझा पहिला माउंट मी असाच उघडला होता, परत जोडल्यावर एक वॉशर जास्त उरला, तो अजून देवघरात आहे.

मी असतो तर आधी पॉवर बघितली असती. बॅटरी कुठली आहे? यूपीएसमधली जुनी ७ एएचची असेल तर विषय संपला. नुसत्या ट्रॅकिंगला माउंट फार करंट खात नाही पण दोन्ही मोटर फुल स्पीडला फिरल्या की जुन्या बॅटरीचा व्होल्टेज धपकन खाली येतो आणि मग माउंट मध्येच भलतीकडे जातो. मल्टीमीटर लावून दोन्ही अक्ष एकदम फिरवून बघ, साडेअकराच्या खाली गेला तर बॅटरी बदल. आणि ती गाडीच्या लायटरमध्ये बसणारी पिन असेल तर तिचा तर मला वैयक्तिक राग आहे, जरा धक्का लागला की सुटते, माउंट रीस्टार्ट, अलाइनमेंट गेलं गंगेला.

---

नवखा_निरीक्षक – ५ जानेवारी २०२५

बॅटरी नवीन आहे दादा, १८ एएच, आत्ताच मोजलं, दोन्ही मोटर फिरताना १२.३ दाखवतोय. लाइट पण लुकलुकत नाहीये.

---

वर्मगियर_वाला – ५ जानेवारी २०२५

पॉवर सोडा मग. गियरवर पण एवढ्यात संशय घेऊ नकोस बाबा. वर्मची चूक असते ती पुढे-मागे असते, म्हणजे तारा थोडा पुढे जातो, मग मागे येतो, आणि दर फेऱ्याला तेच. तुझ्या माउंटला १८० दातांचं चाक असेल तर ८६१६४ भागिले १८०, साधारण ४७९ सेकंद, म्हणजे आठ मिनिटांनी तीच चूक परत. त्यात काही फ्रेम वाईट येतात, काही बऱ्या, काही चक्क गोल. तुझ्या सगळ्याच सारख्या वाईट आहेत आणि एकाच दिशेला आहेत. शिवाय ३० सेकंदांना पावणेतीन, १२० ला अकरा, हा तर सरळ त्रैराशिकाचा हिशोब आहे. एकसारखं सरकणं म्हणजे बहुतेक वेळा पोलर अलाइनमेंट.

हिशोब करून बघू. तुझ्या कॅमेऱ्याचा पिक्सेल ३.७२ मायक्रॉन धरतो, २०६ गुणिले ३.७२ भागिले ४८०, म्हणजे एक पिक्सेल १.६ विकला (अंशाचा साठावा भाग कला, कलेचा साठावा विकला). साडेदहा पिक्सेल म्हणजे २ मिनिटांत १७ विकला. आता नियम असा की अक्ष ध्रुवबिंदूपासून १ कला चुकला तर तारा मिनिटाला जास्तीत जास्त पाव विकलेच्या किंचित वर सरकतो, ०.२६ धर. उलटं काढलं तर तुझा अक्ष निदान ३२-३३ कला चुकलाय. अर्धा अंश! ही गियरची चूक नाही, ही बघण्याची चूक आहे.

आणि मला वास येतोय कसला ते पण सांगतो. ध्रुव तारा खऱ्या ध्रुवबिंदूपासून सध्या ३८ कलांच्या आसपास लांब आहे. तू ध्रुवालाच क्रॉसच्या मधोमध ठेवलंस ना? नव्वद टक्के लोक पहिल्यांदा हेच करतात, मी पण केलंय.

एक काम कर, त्यातला एक फोटो ॲस्ट्रोमेट्री डॉट नेटवर चढव, फोटोत उत्तर कुठे आहे ते तो सांगतो. ट्रेल उत्तर-दक्षिण असेल तर पोलर अलाइनमेंट, पूर्व-पश्चिम असेल तर मग गियर, बॅलन्स, ट्रॅकिंगचा वेग वगैरे बोलू.

---

नवखा_निरीक्षक – ६ जानेवारी २०२५

चढवला. ट्रेल उत्तर-दक्षिण आहे, अगदी सरळ. आणि एकामागून एक फ्रेम बघितल्या तर तारे दक्षिणेकडे सरकतायत.

पण मधोमध नाही ठेवला हो! तेवढं वाचलं होतं मी. वर्तुळावरच ठेवला, हँडसेटने सव्वाचार सांगितलं तिथेच, डायलचा १२ पण आधी लेव्हल करून वर आणला होता. म्हणूनच तर डोकं फिरलंय, सांगितलं तसं सगळं करूनही अर्धा अंश कसा चुकेल?

---

वर्मगियर_वाला – ६ जानेवारी २०२५

मृग डोक्याशी असताना तारे दक्षिणेला सरकतात म्हणजे अक्ष पूर्वेला गेलाय. पण वर्तुळावर नीट ठेवला असशील तर... थांब, विचार करतो. पोलरस्कोपच मुळात वाकडा बसलाय का हे दिवसा लांबच्या टॉवरवर धरून, आरए (ध्रुवाकडे रोखलेला अक्ष) फिरवून बघता येतं.

---

रोहिणीशकट – ६ जानेवारी २०२५

मला यंत्रातलं फारसं कळत नाही, मी तीस वर्षं नुसत्या डोळ्यांनी आणि एका बायनॉक्युलरने बघते. पण पहिल्या पोस्टमधली एक गोष्ट वाचून अडखळले आणि पुढचं कोणी तिच्यावर बोललंच नाही म्हणून लिहिते.

रेग्युलस म्हणजे आपली मघा. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात रात्री साडेनऊला मघा कुठे असते? नुकती उगवत असते! वेल्ह्याला तर पूर्वेच्या डोंगरामागे, दिसायचीसुद्धा नाही. आणि तुमची दुर्बीण तिला शोधायला पन्नास अंश वर गेली. साडेनऊला मघा पन्नास अंशांवर येते ती होळीच्या आधी, फेब्रुवारी संपता संपता. व्याधाचंही तेच, दक्षिण ओलांडून पश्चिमेला झुकलेला व्याध रात्री साडेनऊला बघायला मार्च उजाडावा लागतो.

म्हणजे यंत्र वेडं झालेलं नाही. त्याला प्रामाणिकपणे वाटतंय की आज मार्च महिना आहे. नवखा, तुम्ही हँडसेटला तारीख काय टाकलीत? आकडे ज्या क्रमाने टाकलेत त्याच क्रमाने लिहा.

---

नवखा_निरीक्षक – ६ जानेवारी २०२५

ताई

०३/०१/२०२५

अजून काय टाकणार, ३ जानेवारी

थांबा

---

बे_एरियातला_बंडू – ६ जानेवारी २०२५

😂😂😂 मित्रा, हँडसेट अमेरिकन पद्धतीने तारीख मागतो, आधी महिना मग दिवस. तू त्याला १ मार्च सांगितलास. इकडे राहून मला उलटा त्रास होतो, पुण्याला आलो की बँकेच्या फॉर्मवर महिना आधी लिहितो आणि काउंटरवरच्या बाई माझ्याकडे बघतात.

---

नवखा_निरीक्षक – ६ जानेवारी २०२५

पण मग गच्चीवर बरोबर कसं चाललं? तेव्हा पण मी दिवस आधी महिना नंतर असंच टाकलं होतं, १२

अरे देवा

१२/१२

---

कोकणी_दव – ६ जानेवारी २०२५

हाहाहा, वर्षातले बारा दिवस असे असतात ज्यांना हा प्रॉब्लेम येतच नाही आणि तू नेमका त्यातला एक निवडलास. २० डिसेंबरला लावला असतास तर हँडसेटने विसावा महिना घेतलाच नसता आणि तेव्हाच ट्यूब पेटली असती.

---

वर्मगियर_वाला – ६ जानेवारी २०२५

ताई, दंडवत. मी इथे पिक्सेल मोजत बसलो होतो आणि तुम्ही मघेवरून पकडलंत.

आता आकडे जुळतात का बघू, मला राहवत नाही. ३ जानेवारी ते १ मार्च ५७ दिवस. तारे रोज जवळजवळ ४ मिनिटं लवकर उगवतात, नेमकं ३ मिनिटं ५६ सेकंद, ५७ ने गुणलं तर ३ तास ४४ मिनिटं, म्हणजे ५६ अंश. दुर्बीण प्रत्येक ताऱ्याला ५६ अंश पश्चिमेला शोधत होती. व्याध आग्नेयेला आणि दुर्बीण दक्षिणेच्या पलीकडे, बरोब्बर.

आणि ट्रेलचं कोडं पण सुटलं, तेच मला चावत होतं. ध्रुवाची वर्तुळावरची जागा हँडसेट तारीख-वेळेवरूनच काढतो. तारीख चुकली म्हणून ती जागा पण ५६ अंशांनी फिरली. ३८ कलांच्या वर्तुळावर ५६ अंश म्हणजे सरळ रेषेत ३६ कला. त्याचा पूर्वेकडचा भाग तेवढा एम ४२ दक्षिणेला सरकवत होता, साधारण ३३ कला. मी पिक्सेलवरून काढलं होतं ३२-३३! म्हणजे तू सव्वाचारला अगदी काटेकोर ठेवला होतास रे, हात चांगला आहे तुझा, फक्त घड्याळ मार्चचं होतं. खरी जागा त्या वेळी सहाच्या जवळ होती.

ट्रॅकिंग चालू राहिलं कारण ट्रॅकिंगला तारखेचं काही पडलेलं नसतं, तो आपला सेकंदाला १५ विकला फिरत राहतो.

---

रोहिणीशकट – ७ जानेवारी २०२५

दंडवत नको, पण हँडसेटवर विसंबायच्या आधी एक करत जा. ध्रुव तारा ध्रुवबिंदूपासून साधारण शर्मिष्ठा तारकासमूहाच्या बाजूला सरकलेला आहे. शर्मिष्ठा ध्रुवाच्या वर असेल तर ध्रुव बिंदूच्या वर, डावीकडे उतरली असेल तर डावीकडे. पोलरस्कोपमध्ये सगळं उलटं दिसतं म्हणून वरचं खाली धरायचं. जानेवारीत साडेआठला शर्मिष्ठा ध्रुवाच्या वरच, थोडी डावीकडे असते, म्हणजे पोलरस्कोपात सहाच्या आसपास. सव्वाचार म्हणजे बरंच बाजूला. एकदा मान वर केली असतीत तरी शंका आली असती.

---

बे_एरियातला_बंडू – ७ जानेवारी २०२५

चाललंच आहे तर हँडसेटच्या बाकीच्या दोन खोड्या पण सांगून ठेवतो कारण पुढची पोस्ट त्यांच्यावरच येणार. एक, डेलाइट सेव्हिंग विचारेल, त्याला नो. मागच्या मालकाने परदेशात वापरला असेल तर तिथे यस राहिलेलं असतं आणि मग सगळं एक तास म्हणजे १५ अंश चुकतं. टाइमझोन +५:३०, अर्धा तास विसरायचा नाही. दोन, अक्षांश रेखांश. मोबाइलवर पुणे १८.५२ दिसतं आणि लोक हँडसेटमध्ये १८ अंश ५२ मिनिटं टाकतात. १८.५२ म्हणजे १८ अंश ३१ मिनिटं. १८-५२ टाकलंस तर तू पुण्यात बसलायस आणि माउंट राजगुरुनगरला. एवढ्याने गो-टूचं फार बिघडत नाही, अलाइनमेंट सांभाळून घेतं, पण उगाच कशाला.

बाकी तुमचा हेवा वाटत नाही, आमच्याकडे ध्रुव ३७ अंशांवर असतो, आरामात दिसतो, तुम्हाला साडेअठरावर शोधायचा म्हणजे एक आंब्याचं झाड मध्ये आलं तरी संपलं.

---

नवखा_निरीक्षक – २६ जानेवारी २०२५

रिपोर्ट देतो. काल शनिवारी परत त्याच शेतावर. तारीख टाकताना हात थरथरत होता, ०१/२५, दोनदा वाचली. पहिला तारा निवडायच्या आधी ताईंनी सांगितल्याप्रमाणे मान वर केली. ध्रुव शर्मिष्ठा बघून ठेवला, मग हँडसेटला विचारलं, दोघांचं पटलं.

अलाइनमेंटला व्याध निवडला, दुर्बीण गेली, फाइंडरमध्ये व्याध! मधोमध नाही पण आहे. त्यानंतर एम ४२, पहिल्याच फ्रेममध्ये. मी एकटाच शेतात ओरडलो, राखणीचा माणूस बॅटरी घेऊन धावत आला, त्याला वाटलं रानडुक्कर. मग त्याला कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर नेब्युला दाखवला तर म्हणाला हे एवढंसं बघायला इतकं सामान?

९० सेकंदांच्या साठ फ्रेम घेतल्या, त्यातल्या पंचेचाळीसेक तरी छान गोल आहेत. आता दोन नवीन भानगडी. एक, वजनं खाली लटकलेली असताना दुर्बीण आकाशाच्या काही भागात गेली की काउंटरवेट ट्रायपॉडच्या उत्तरेकडच्या पायाला घासतं, काल एकदा चक्क टण्ण आवाज आला. दुसरं, ३ मिनिटांच्या फ्रेम काही चांगल्या काही पूर्व-पश्चिम ताणलेल्या, कुठलंच गणित लागत नाही.

---

कोकणी_दव – २६ जानेवारी २०२५

पाय घासणं हा आपल्या अक्षांशाचा शाप आहे. हे माउंट ज्यांच्यासाठी बनतात त्यांच्याकडे अक्ष चाळीस-पन्नास अंश वर असतो. आपल्याकडे अठरा, म्हणजे जवळजवळ आडवा, त्यामुळे वजनाचा दांडा सरळ खाली उत्तरेच्या पायाकडे झुकतो. माउंट आणि ट्रायपॉडच्या मध्ये बसणारा उंचीचा तुकडा मिळतो तो घे, किंवा लेथवाल्याकडून ॲल्युमिनियमचा करून घे, मी सावंतवाडीला करून घेतलाय. तोपर्यंत वजनं दांड्यावर शक्य तितकी वर सरकव, बॅलन्ससाठी एक वजन जास्त लावावं लागलं तरी चालेल. टण्ण झाल्यावर मोटर अडकून राहिली नाही ना? नशीब.

---

वर्मगियर_वाला – २६ जानेवारी २०२५

अभिनंदन! आणि ह्या वेळी मात्र तो खरंच गियर आहे, पण गेलेला नाही, सगळ्यांचा असतो तसाच आहे. काही फ्रेम बऱ्या, काही पूर्व-पश्चिम ताणलेल्या, हीच ती आठ मिनिटांची चूक. तुझ्या नव्वद सेकंदांतल्या पंधरा फ्रेम पण त्यातच गेल्या असणार. ताणलेल्या फ्रेमच्या वेळा लिहून काढ, साधारण आठ-आठ मिनिटांनी येतील.

उपाय गाइडिंगच. छोटा गाइडस्कोप, छोटा कॅमेरा आणि लॅपटॉपवर पीएचडी२, सॉफ्टवेअर फुकट आहे. त्यात फोकल लेंथ गाइडस्कोपची टाकायची, मुख्य दुर्बिणीची ४८० नाही, ही चूक तू करणार हे आत्ताच लिहून ठेवतो. कॅलिब्रेशन मृगाच्या बाणाजवळ कर, तो जवळजवळ खगोलीय विषुववृत्तावरच आहे, तिथे नीट होतं, ध्रुवाजवळ करशील तर तारा पुरेसा हलला नाही म्हणून ओरडेल. आणि बॅलन्स अगदी बरोब्बर नको, पूर्वेची बाजू किंचित जड ठेव म्हणजे दात एका बाजूने टेकून राहतात.

---

नवखा_निरीक्षक – २६ जानेवारी २०२५

गाइडस्कोप ऑर्डर केला, घरी अजून सांगितलेलं नाही. पुढची फेरी फेब्रुवारीतल्या अमावस्येनंतरच्या शनिवारी, १ मार्चला.

---

रोहिणीशकट – २६ जानेवारी २०२५

१ मार्च! त्या दिवशी जर सवयीने ०१/०३ टाकलंत तर यंत्राला ३ जानेवारीचं आकाश दिसेल बरं का.